लाइनवर नसलेली माणसं

रत्नागिरीतल्या आमच्या घरमालकीणबाई बाराही महिने छत्री घेऊन बाहेर पडत. पावसात सगळेच घेतात, उन्हातही पुष्कळ जण घेतात, त्यात नवल नाही. नवल हे की बाई ती डोक्यावर धरत नसत. गल्लीतून जाताना ज्या बाजूला लोकांच्या पडव्या आणि उघड्या खिडक्या असतील त्या बाजूला छत्री कलती करून चालत. ऊन दुसरीकडून आलं तर बाई उन्हात आणि खिडक्या सावलीत. मी नवीन भाडेकरू, पहिल्याच आठवड्यात न राहवून विचारलं. म्हणाल्या, "लोक आपापल्या घरात बसलेत. कोण जेवतंय, कोण नवऱ्याशी भांडतंय. मला भाजी आणायची आहे गो, मी ते सगळं बघत कशाला जाऊ?"

गाव त्यांना ऑपरेटरबाई म्हणे. ट्रंक कॉलच्या काळात त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. आजच्या मुलांना सांगावं लागतं म्हणून सांगते. तेव्हा मुंबईला फोन करायचा तर आधी एक्स्चेंजला नंबर द्यायचा, तासन्‌तास वाट बघायची, मग ऑपरेटर दोन्हीकडच्या तारा बोर्डावर जोडून देई आणि तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन विचारी, पुढे वाढवायचं का. इकडची अर्धी माणसं मुंबईला नोकरीला, काही जहाजांवर. त्यामुळे जन्म, मरण, मोडलेली लग्नं, जमिनीची भांडणं, सगळं बाईंच्या हातांतून गेलेलं. आणि त्यातला एक शब्द कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडलेला कोणी ऐकला नव्हता.

नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली तरी बोर्ड काही सुटला नव्हता. एखादी शेजारीण पायरीवर टेकून तिसऱ्याच बाईची गोष्ट सुरू करी. बाई लगेच विचारीत, "ती लाइनवर आहे काय?" म्हणजे ती इथे हजर आहे का. ती नसेच. मग "लाइन तोडते हां" म्हणत बाई चहा ठेवायला आत जात. चहा मात्र सगळ्यांना मिळे. स्वतःबद्दल बोलायला आलेल्या माणसाला तीन मिनिटं, मग "पुढे वाढवायचं?" आणि तो हो म्हणाला की पुढची तीन. मी एकदा बँकेतल्या साहेबाच्या जाचाने रडत त्यांच्यासमोर बसले होते. साहेबाचं नाव निघालं की बाई लाइन तोडत, मी माझ्याकडे वळले की पुन्हा जोडत. अशाने धड रडणंही होईना.

माझं टपाल आलं तर पत्ता खाली करून, वर वर्तमानपत्राची घडी ठेवून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवत. विजेचं बिलसुद्धा असंच झाकून. मी म्हटलं, "बाई, बिल तुमच्याच नावावर येतं." तर म्हणाल्या, "नाव माझं, पण वीज तू जाळतेस."

एकदा एक गृहस्थ आले. गावातल्या एका जुन्या, आता हयात नसलेल्या पुढाऱ्याचं चरित्र लिहीत होते. अमुक साली त्यांना मुंबईहून कोणाकोणाचे फोन येत, एवढंच त्यांना हवं होतं. इतक्या वर्षांनी आता त्यात लपवण्यासारखं काय राहिलं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाईंनी त्यांना पोहे दिले, चहा दिला आणि तासभर त्या सालच्या पावसाची माहिती दिली. खांब कसे पडले, तारांवर माड कसा आडवा झाला, लाइनमन होडीतून कसा गेला. गृहस्थांनी सगळं टिपून घेतलं. फाटकापर्यंत पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते थांबले, वहीत बघितलं आणि तसेच निघून गेले. बाई मला म्हणाल्या, "भला माणूस. पावसाचं नीट लिहील."

मी या सगळ्याला चक्रमपणा म्हणत असे. कोल्हापूरला आईला फोनवर तसं सांगितलंही होतं. मग एका बुद्धपौर्णिमेला खिरीची वाटी घेऊन बाई वर आल्या आणि आपण होऊन एक गोष्ट सांगून गेल्या. तरुणपणी त्यांना एक स्थळ आलं होतं. मुलगा मुंबईत गोदीत. बघणं झालं, होकारासारखंच बोलणं झालं. एक दिवस मुलाच्या मामांचा मुंबईहून इथल्या मध्यस्थाला फोन आला आणि तो जोडायची पाळी नेमकी बाईंचीच होती. लाइन चालते का हे बघायला ऑपरेटरला क्षणभर कान लावावा लागे. तेवढ्यात ऐकू आलं, मुलगी नको म्हणून कळवा, दुसरीकडे ठरलंय. मध्यस्थाने निरोप सांगायला आठ दिवस लावले. त्या आठ दिवसांत आईने नव्या साडीला फॉल लावला, वडील चार ठिकाणी सांगून आले. बाई गप्प.

"अहो, निदान आईला तरी सांगायचं," मी म्हटलं.

"काय सांगायचं? ते बोर्डावर ऐकलेलं. बोर्डावरचं घरी आणायचं नाही. मध्यस्थ घरी येऊन बोलला तेव्हा तो निरोप माझा झाला. मग रडले की पोटभर."

मला त्यांचा राग आला होता. आईला आठ दिवस उगाच शिवत बसवलं असं वाटलं, आजही थोडं वाटतं. पण स्वतःच्या नशिबाचा निरोपसुद्धा चोरून घ्यायचा नाही, हे असं वागणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. हे लिहू का, असं परवा फोन करून विचारलं. म्हणाल्या, "लिही. मामा गेले, मध्यस्थ गेला, राहिले मी. माझी हरकत नाही." या लेखातले दोन परिच्छेद मात्र वाचून दाखवल्यावर त्यांनी काढायला लावले. कुठले ते सांगत नाही. ते फार चांगले जमले होते, एवढीच हळहळ व्यक्त करते.

आता माझा पराक्रम. नेटवर माझं एक पेज होतं. बँकेतून आल्यावर रोज संध्याकाळी मी त्यावर रत्नागिरीबद्दल काहीतरी लिहीत असे. देशावरची बाई, त्यामुळे मला इथलं सगळंच लिहिण्यासारखं वाटे. मुंबईला गेलेली माणसं ते वाचून गहिवरत आणि त्यांच्या गहिवराची मला चटक लागली होती. एकदा शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या कैरीच्या फोडींचा, आंबोशीचा फोटो काढताना बाईंनी मला पकडलं.

"विचारलंस?"

"आंबोशीला?"

"जिची आहे तिला."

मी हसले. वर जाऊन त्यावरच एक गमतीदार लेख लिहिला. दुसऱ्याच्या जगण्यावर लिहिण्याबद्दल माझा एक सोपा नियम होता, नाव लिहायचं नाही. नाव नाही म्हणजे कोणाचं काही गेलं नाही, असा माझा भाबडा हिशेब.

गल्लीत मासे घेऊन एक मावशी येत असे. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. सगळे बांगडे खपले की दुपारी अडीचच्या सुमारास ती आमच्या मागच्या दारी येई, रिकामी पाटी उपडी घाली, हात साबणाने दोनदा धुई आणि मागच्या पडवीत बसे. गल्लीला वाटे, ऑपरेटरबाईंकडे घटकाभर टेकते. मला सुट्टीच्या दिवशी जिन्यावरून दिसे की ती पडवीतल्या कोनाड्यातून खाकी कव्हर घातलेलं पुस्तक काढते. मावशी सातवीत शाळा सोडलेली. आता बाहेरून दहावीला बसत होती आणि बाई तिला शिकवत होत्या. घरात नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं. याला कारण होतं. पंधराएक वर्षांपूर्वी तिने असाच फॉर्म भरला होता, सगळ्यांना सांगून भरला होता, आणि गणितात गेली. तेव्हापासून दीर तिला मॅट्रिक म्हणायला लागला. मग जेटीवरचे लोक म्हणायला लागले. मासळीच्या लिलावात बोली लावायला उभी राहिली की मागून कोणीतरी ओरडे, मॅट्रिकला हिशेब येतो काय विचारा. ते नाव विरायला दहा वर्षं गेली होती. या वेळी ती पास झाल्यावरच तोंड उघडणार होती, हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं.

आणि मी लिहिलं. खोटं कशाला सांगू, छान लिहिलं होतं. आमच्या मागच्या पडवीत दुपारी एक शाळा भरते, पटावर एकच विद्यार्थिनी, अशी सुरुवात. नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. फोटो फक्त उपड्या पाटीचा, तिच्यावर ठेवलेल्या पुस्तकाचा. पाटीच्या काठाला हिरव्या नायलॉनच्या दोरीची शिवण होती, ती उन्हात सुरेख दिसत होती. रात्री झोपेपर्यंत तो लेख कुठल्या कुठे गेला. मी खुशीत झोपले.

दुसऱ्या दिवशी पहाटे जेटीवर लिलाव चालू असताना एका दलालाने तो मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवला. हिरव्या शिवणीची पाटी जेटीवर एकच होती. दीर तिथेच होता. म्हणाला, "मॅट्रिक, परत परीक्षेला चाललंस काय गो?" आणि सगळी जेटी हसली.

मावशी त्या दुपारी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुस्तक पडवीत तसंच. परीक्षा पंचवीस दिवसांवर होती.

मी बाईंपुढे जाऊन उभी राहिले. त्या ओरडतील म्हणून तयारी करून गेले होते. त्या नुसत्या पुस्तकाच्या कव्हराची निघालेली घडी नीट करत बसल्या होत्या.

"बाई, मी नाव लिहिलं नव्हतं."

"बोर्डावर लोक कुठे नाव सांगायचे? समोरचं माणूस हॅलो म्हणायच्या आधी, नुसता रिसीव्हर उचलून घसा खाकरला की मला कळायचं कोण ते. माणसाला ओळखायला नाव लागत नाही. तू नाव काढलंस आणि माणूस तसंच ठेवलंस."

मी वर गेले आणि लेख काढून टाकला. लोकांनी पुढे पाठवलेला कुठून काढणार? कितीतरी ग्रुपवर तो फिरत होता आणि मला अभिनंदनाचे निरोप येत होते. शरमेने मेल्यासारखं होतं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. खाली येऊन म्हटलं, मी मावशीकडे जाऊन माफी मागते. बाईंनी मला दारात थांबवलं. "कॉल लावायच्या आधी पलीकडच्याला विचारायचं असतं, घेता काय म्हणून. नाही म्हणाला तर तुझं काम तिथे संपलं. दारात उभी राहून रडगाणं लावू नको."

बंदराजवळच्या वस्तीत मावशीचं घर शोधून मी अंगणाच्या कडेला उभी राहिले. ती सुकी मासळी पालटत होती. म्हटलं, "मावशी, बोलायचं होतं. बोलशील?"

"नाय."

मी परत फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा नाय. तिसऱ्या दिवशी तिने मान वर करून बघितलं. "तुला लाज नाय काय गो?"

"आहे. म्हणून येते."

"बस मग."

मी मासळीच्या शेजारी बसले. माफी मागितली. ती ऐकल्यासारखी दिसली नाही. मासळी पालटत म्हणाली, "तू मोठी हाफिसातली. मी काय शिकते ते तू सगळ्या दुनियेला सांगितलंस. आता मला एक सांग. तुजं असं काय हाय, जे तू कोणाला सांगितलं नायस?"

मला उत्तर लगेच माहीत होतं, आणि ते मी तिला सांगितलं. बँकेच्या बढतीच्या परीक्षेत मी तीन वेळा नापास झाले होते. घरी सांगितलं होतं की बढती घेतली तर बदली होईल, मला रत्नागिरी सोडवत नाही, म्हणून मीच नाकारते. आई हे मोठ्या कौतुकाने भावकीत सांगत असे.

मावशीने ऐकलं. "तीनदा?"

"तीनदा."

"ते लिव."

"कुठे?"

"जिथं माजं लिवलंस तिथंच. माजं नाव नव्हतं, तुजं हायच."

मी दोन दिवस टाळलं, हेही लिहून टाकते. या दोन दिवसांत मला जेवढं कळलं तेवढं एरवी कळलं नसतं. दुसऱ्याच्या पडवीतलं लिहिताना माझी बोटं कशी भराभरा चालायची, आणि आता एक ओळ पुढे सरकत नव्हती. शेवटी लिहिलं. कोणाची पडवी नाही, आंबोशी नाही, फक्त मी, तीन परीक्षा आणि घरी मारलेली थाप. खाली भावाने लिहिलं, "ताई, हे आम्हाला जगाबरोबर कळायचं होतं का?" आईने फोनवर विचारलं, आता भावकीत काय सांगू? बँकेत साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की चौथ्यांदा कधी बसताय. गल्लीत मासे घेणाऱ्या बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. अडीच वाजता मागच्या दारी पाटी उपडी पडल्याचा आवाज आला. मी जिना उतरले. मावशी हात धूत होती.

"वाचलं मी. तुजा भाऊ लई बोलला गो."

"बोलला."

"बोलूदे. तुला बीजगणित येतं?"

"ते येतं."

"मग बस हितं. बाईंचं बीजगणित माज्या डोक्यात शिरत नाय."

बाईंनी मान खाली घातली होती, पण मला त्यांचं हसू दिसलं. मी बँकेत रजा टाकली. उरलेले दिवस आम्ही तिघी त्या पडवीत बसलो. जेटीवर चिडवणं चालूच होतं, पण आता मावशी लपवत नव्हती. नवऱ्याला तिने स्वतः सांगितलं. तो होडीवरचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, कमी बोलणारा. तो म्हणाला, पेपराच्या दिवशी मासे मी बघतो. दिराला तिने काहीच सांगितलं नाही. मी समीकरणं घालत असे, बाई मधून मधून विचारत, "तीन मिनिटं झाली. उत्तर आलं काय?" आणि मावशी म्हणे, "वाढवा अजून तीन." पेपराच्या दिवशी बाई केंद्राच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, मुलांच्या बाजूला छत्री कलती करून.

निकाल दुपारी एक वाजता लागणार होता. मावशी त्या दिवशी मासे अर्धवट टाकून आली. बैठक क्रमांक माझ्याकडे लिहिलेला होता, मी सकाळपासून दहा वेळा तो कागद हातात घेतला आणि खाली ठेवला. एक वाजला. मी मोबाइलवर पान उघडून, क्रमांक घालून, शेवटचं बटण न दाबता तो मावशीच्या हातात दिला. बाई म्हणाल्या, "आपण वळू या. निकाल तिचा आहे." आम्ही दोघी वळलो. बाई विहिरीकडे तोंड करून, मी न्हाणीच्या भिंतीकडे. आयुष्यात इतका वेळ मी एका भिंतीकडे बघितलेलं नाही. त्या भिंतीवर तीन पाली होत्या.

बाईंनी हळूच माझा हात धरला.

"वळा गो आता," मावशी म्हणाली. "एकेचाळीस."

"एकेचाळीस काय?"

"गणितात."

"आणि बाकीचे विषय?"

"बाकीचे असतील. गणितात एकेचाळीस."

बाई "चहा ठेवते" म्हणाल्या आणि चहा न ठेवता तिथेच उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्या पुसतही नव्हत्या. मी मावशीला मिठी मारली, माशांच्या वासासकट, आणि मला आजवर माझ्या कुठल्याही निकालाचा एवढा आनंद झालेला नाही. सगळ्या विषयांत पास होती. मी दोनदा बघून घेतलं, तिला विचारून.

माझी बोटं शिवशिवत होती हे तिने ओळखलं. "तू लिवू नको. मी लिवते. कुठं लिवतात ते दाखव."

तिच्या मोबाइलवर मुलीने कधीतरी फोटो बघायला खातं उघडून दिलं होतं. मी जागा दाखवली आणि बाजूला झाले. तिने आधी नवऱ्याला फोन लावला, "अवो, पास," एवढं म्हणून ठेवला. मग पाटीवर बसून एका बोटाने लिहायला घेतलं. अर्धा तास लागला. आम्ही दोघींनी मदत केली नाही, डोकावलोही नाही. तिने वाचून दाखवलं तेव्हाच कळलं. इथे ते, आणि तिचं बाकीचं सगळं, तिला विचारूनच लिहिलं आहे.

"मी मासे विकते. मी दहावी पास झाले. गणितात एकेचाळीस. ज्यांना हसायचं होतं त्यांचं हसून झालं, आता मी हसते. हे मी माझ्या हाताने लिहिलंय."

संध्याकाळपर्यंत त्या पाच ओळींखाली एवढी माणसं आली की माझ्या पेजवर एवढ्या वर्षांत आली नव्हती. मुंबईहून, जहाजांवरून, जेटीवरून. मावशी एकेक नाव वाचत बसली होती, घरी जायचं विसरून. दिवे लागल्यावर तिच्या दिराचं नाव आलं. त्याने दोनच शब्द लिहिले होते.

वहिनी, अभिनंदन.

मावशीने त्याला उत्तर दिलं नाही. वाचलं मात्र तीनदा, मोठ्याने, आम्हा दोघींसमोर.